जुनी नाणी, नवी छायाचित्रे आणि हक्कांचा कागद : पुण्यातील एका नाणे-छायाचित्रण सेवेचे परीक्षण

सातवाहन काळापासून पेशवाईपर्यंतच्या नाण्यांवर सामान्य वाचकांसाठी एक मराठी पुस्तक आम्ही तयार करत आहोत आणि त्यासाठी नारायण पेठेतील एका लहानशा स्टुडिओकडून छायाचित्रे, रेखाटने व काही ‘तयार प्रतिमा’ (स्टुडिओकडे आधीपासून जमवलेल्या) अशा तिन्ही सेवा घेतल्या. स्टुडिओचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक गंभीर तक्रार येणार आहे आणि ती आता मिटलेली आहे. शिवाय या शहरात असे काम करणाऱ्या कोणाकडेही गेलात, तरी तपासून पाहण्याच्या गोष्टी त्याच राहतात. आमचे मत आधीच नोंदवतो. छायाचित्रण उत्तम आहे, रेखाटने त्याहून सरस आहेत, तयार प्रतिमांच्या वाटेला जाऊ नये आणि हक्कांविषयीचा छापील मसुदा दुरुस्त करून घेतल्याशिवाय त्यावर सही करू नये.

मुळात नाण्याच्या छायाचित्रासाठी पैसे का मोजायचे, हा प्रश्न आम्हाला अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारातील अनुभवी माणसांनीही विचारला. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांचे तांब्याचे नाणे, साडेतीनशे वर्षांपूर्वीची, तिचा ठसा कोरणारा कारागीर कधीच काळाआड गेलेला, मग हक्क कोणाचा आणि कसला, असा त्यांचा रोकडा युक्तिवाद होता. नाण्यावरील आकृतीपुरता तो बरोबर आहे. क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यावरील चेहऱ्यावर किंवा शिवराईवरील ‘श्री राजा शिव’ या अक्षरांवर आज कोणाचाही कॉपीराइट नाही आणि ती अक्षरे तुम्ही हवी तितक्या वेळा छापू शकता. छायाचित्र मात्र कालपरवा कोणीतरी काढलेले असते आणि १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही स्वतंत्र कलाकृती आहे. कायद्याच्या व्याख्येत तर कलात्मक गुण असो वा नसो, असेच शब्द आहेत. पूर्वी छायाचित्राला प्रसिद्धीनंतर ६० वर्षे संरक्षण असे. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम २५ वगळले गेले आणि छायाचित्रही इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षित झाले. म्हणजे आज तिशीतल्या छायाचित्रकाराने टिपलेली शिवराई आपल्या नातवंडांच्या काळातही मोकळी होणार नाही.

सपाट चित्राची हुबेहूब प्रत आणि नाण्याचे छायाचित्र यांत कायदा फरक करतो, हे ठाऊक असलेले लोकही नाण्याच्या बाबतीत गोंधळतात. अमेरिकेतील न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने १९९९ मध्ये ब्रिजमन विरुद्ध कोरल या खटल्यात असे ठरवले, की कॉपीराइट संपून मुक्त झालेल्या सपाट चित्राच्या तंतोतंत छायाचित्राला स्वतंत्र कॉपीराइट मिळत नाही. त्या निकालाचा हवाला देऊन अनेकजण नाण्यांचीही छायाचित्रे उचलतात. नाणे दिसायला चपटे असले तरी त्यावर उठाव असतो, आणि प्रकाश कोठून टाकायचा, किती टाकायचा, कोणती झीज झाकायची आणि कोणती दाखवायची हे छायाचित्रकार ठरवतो. म्हणूनच विकिमीडिया कॉमन्ससारखा मुक्त प्रतिमांचा साठादेखील नाण्यांना त्रिमित वस्तू मानतो आणि नाणे कितीही प्राचीन असले तरी छायाचित्र काढणाऱ्याची परवानगी मागतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात केवळ मेहनत पुरेशी नाही, निदान थोडी तरी सर्जनशीलता हवी, अशी कसोटी लावली. चांगल्या नाणे-छायाचित्रात ती थोडी नव्हे, बरीच असते, असे आमचे या कामानंतरचे मत आहे.

ते मत बनले ते एका शिवराईमुळे. आमच्या परिचयातील कसबा पेठेतल्या एका संग्राहक काकांनी पुस्तकासाठी जी नाणी दिली, त्यांत एक तांब्याची शिवराई होती, काळपट हिरवी, एका कडेला झिजलेली, आणि ठसा मधोमध न बसल्यामुळे बिंदूंची कडा एकाच बाजूला उमटलेली. साध्या कॅमेऱ्यातून ती म्हणजे एक काळी चकती दिसत होती. स्टुडिओच्या संचालिकाबाईंनी तिला हात लावण्याआधी काकांना विचारले, “काका, ही कधी चिंचेने वगैरे घासली आहे का?” काका जवळजवळ रागावलेच. “अहो बाई, नाणं घासायचं नसतं, एवढं आम्हालाही कळतं.” त्यानंतरचे काम पाहण्यासारखे होते. नाणे कडेने उचलून अपारदर्शक काचेवर ठेवले, मॅक्रो लेन्स बरोबर वर लावली आणि एकच लहान दिवा डावीकडून वरच्या बाजूने, जवळजवळ टेबलाला टेकेल इतका खाली आणला. दिवा किंचित वर नेला की ‘राजा’मधला काना नाहीसा व्हायचा आणि खाली आणला की परत उमटायचा, थोडा उजवीकडे सरकवला तर उठावाची अक्षरे डोळ्यांना खोदल्यासारखी दिसू लागायची. शेवटी ज्या जागी तीनही ओळी एकाच वेळी वाचता आल्या ती जागा त्यांनी पक्की केली आणि नाण्याच्या दुसऱ्या बाजूच्या ‘छत्रपति’साठी सारी मांडणी पुन्हा बदलली, कारण तिकडची झीज वेगळी होती.

चकचकीत चांदीसाठी त्यांची पद्धत निराळी आहे. लेन्स आणि नाणे यांच्यामध्ये पंचेचाळीस अंशांत काच धरून बाजूचा प्रकाश तिच्यावरून सरळ खाली नाण्यावर पाडतात, त्यामुळे सपाट भाग उजळतो आणि अक्षरांच्या कडा गडद राहतात. पुणे टाकसाळीच्या अंकुशी (अंकुशाचे चिन्ह असलेल्या) रुपयावरील फार्सी अक्षरे या पद्धतीने इतकी स्पष्ट आली, की आमच्या लेखकांनी एका नाण्याचे आधीचे वाचन बदलले. प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी होती, दोन्ही बाजूंचा परस्परांशी असलेला कोन नोंदवलेला होता, आणि वजन व व्यास यांची नोंद फाइलच्या नावाशी जोडलेली होती. एका नाण्याच्या दोन्ही बाजूंचा दर साडेतीनशे रुपये पडला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कोणत्याही स्टुडिओत नाणे याहून स्वस्तात टिपून मिळेल, पण ते छापण्याच्या लायकीचे नसेल.

आता करार. या सेवेचे कोटेशन दोन पानांचे आहे आणि दुसऱ्या पानावर बारीक टाइपात असे वाक्य आहे की सर्व छायाचित्रांचे सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील व ग्राहकास ‘एका पुस्तकात वापरण्याची’ परवानगी मिळेल. पुण्यातील किती लेखक हे वाक्य वाचून सही करत असतील, याची शंकाच आहे. कायद्याची मूळ स्थिती लेखकाच्या बाजूची आहे. कलम १७ प्रमाणे मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढून घेतले, तर उलट करार नसल्यास ज्याच्या सांगण्यावरून ते काढले तोच कॉपीराइटचा पहिला मालक ठरतो. म्हणजे काहीही लिहिले नसते तर छायाचित्रे आमची झाली असती. लिहिल्यामुळे ती स्टुडिओची होत होती. छायाचित्रकाराने आपल्या कलेवर हक्क ठेवू नये असे आमचे म्हणणे नाही, ठेवायचाच असेल तर तो दर ठरवताना तोंडी सांगावा. पानाच्या तळाशी दडवू नये, एवढेच.

त्यातही ‘एका पुस्तकात वापरण्याची परवानगी’ हे शब्द पुरेसे नव्हते, आणि हा भाग मराठी प्रकाशकांनी नीट समजून घेण्यासारखा आहे. कलम १९ हक्कांच्या हस्तांतराविषयी आहे आणि कलम ३०अ मुळे तेच नियम परवान्यालाही योग्य त्या फेरफारासह लागू होतात. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. आपल्याकडे वैचारिक पुस्तकाची पहिली आवृत्ती संपायलाच पाच-सहा वर्षे जातात. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी परवाना संपलेला आणि स्टुडिओने जागा बदललेली, अशी अवस्था सहज होऊ शकते. ई-पुस्तक काढले आणि ते अमेरिकेतल्या किंवा लंडनमधल्या मराठी माणसाने विकत घेतले, तर परवान्याचा प्रदेश ओलांडला जातो. याशिवाय मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो संपुष्टात येतो, अशीही तरतूद त्याच कलमात आहे, अर्थात करारात वेगळे ठरलेले नसेल तर. मराठी पुस्तकाचे मुद्रितशोधन एक वर्षात उरकेल यावर पैज लावण्याची आमची तयारी नाही.

आम्ही पर्यायी मसुदा दिला. छायाचित्रांचा कॉपीराइट आमच्याकडे राहावा, मुदत पूर्ण असावी, प्रदेश सर्व जग असावा, छापील, डिजिटल आणि अनुवादित अशा सर्व आवृत्त्या त्यात याव्यात, आणि स्टुडिओला स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून ही छायाचित्रे श्रेयासह दाखवण्याची मुभा असावी. छायाचित्रकाराचे नाव प्रत्येक पानावर नव्हे, पण श्रेयनामावलीत नाणेनिहाय द्यायचे आम्ही कबूल केले. कर्त्याचा हा नैतिक हक्क कलम ५७ ने मान्य केलेला आहे आणि तो कॉपीराइट विकला तरी संपत नाही. संचालिकाबाईंनी आढेवेढे न घेता सही केली, दर मात्र थोडा वाढवला, आणि तो वाढवणे रास्त होते. मूळ मसुदा त्यांनी स्वतः लिहिलेला नव्हता, लग्नसमारंभाच्या छायाचित्रांसाठीचा कोणाचा तरी उचललेला होता, असे बोलण्यातून कळले. हक्कांविषयीचा कागदच उसना असावा, यातली गंमत त्यांच्याही लक्षात आली.

संग्राहक काकांच्या बाबतीतही एक कागद लागला, आणि तो स्टुडिओने सुचवला याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. नाण्याची मालकी असणे आणि छायाचित्राचा कॉपीराइट असणे या निरनिराळ्या गोष्टी आहेत. काका नाण्याचे मालक आहेत, म्हणून छायाचित्रावर त्यांचा कॉपीराइट येत नाही. तरीही नाणी हाताळू देताना त्यांनी जी अट घातली असेल ती करार म्हणून बांधून ठेवते. त्यांची अट साधी होती : पुस्तकात त्यांचे नाव व पत्ता येऊ नये. चोरीच्या भीतीने बहुतेक संग्राहक हेच मागतात. भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा राजा दिनकर केळकर संग्रहालय यांसारख्या संस्थांकडील वस्तूंचे छायाचित्र हवे असेल, तर हाच मुद्दा अधिक ठळकपणे येतो. नाणे सोळाव्या शतकातले असले तरी संस्था ते दाखवताना ज्या अर्जावर सही घेते, त्यातील अटी पाळाव्याच लागतात. कॉपीराइट संपला आहे हे तेथे उत्तर होऊ शकत नाही.

यानंतर तक्रारीचा भाग. आमच्याकडे क्षत्रप नाण्यांचे चांगले नमुने नव्हते. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा जो साठा सापडला, त्यात नहपानाची नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर उमटलेले सातवाहनांचे डोंगराचे चिन्ह मराठी वाचकाला दाखवायचेच, असा लेखकांचा आग्रह होता. स्टुडिओने आपल्या ‘तयार प्रतिमा’ विभागातून अशा नाण्यांच्या काही प्रतिमा दिल्या, बिलही दिले, आणि प्रतिमा ‘वापरास मोकळ्या’ असल्याचे ई-मेलमध्ये लिहिले. प्रतिमा सुरेख होत्या, जरा जास्तच सुरेख. पार्श्वभूमीचा पांढरा रंग स्टुडिओच्या नेहमीच्या करड्यापेक्षा वेगळा होता, मोजपट्टी नव्हती आणि दोन्ही बाजू एकाच चौकटीत शेजारी शेजारी होत्या, जशा लिलावाच्या सूचीत असतात. इंटरनेटवर प्रतिमेवरून उलट शोध घेतल्यावर त्यातली एक प्रतिमा परदेशातील एका लिलावसंस्थेच्या सूचीत जशीच्या तशी मिळाली. तिच्या संकेतस्थळावर लेखी परवानगीशिवाय वापर करू नये असे स्वच्छ लिहिलेले होते.

विचारल्यावर आलेले उत्तर असे, की या प्रतिमा एका माजी सहकाऱ्याने जमवल्या होत्या आणि नाणे दोन हजार वर्षांचे असल्यामुळे हक्काचा प्रश्न येत नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते. पैसे परत मिळाले, विभाग तूर्त बंद ठेवल्याचेही सांगण्यात आले. पण छापल्यावर हे लक्षात आले असते तर त्या ई-मेलचा आम्हाला फारसा उपयोग झाला नसता. परदेशी छायाचित्रांना बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारामुळे भारतातही संरक्षण आहे आणि उल्लंघन करणारा म्हणून प्रथम प्रकाशकच समोर येतो. कॉपीराइट अस्तित्वात आहे याची कल्पना नव्हती व तशी येण्यास वाजवी कारणही नव्हते, हे सिद्ध केले तर कलम ५५ नुकसानभरपाईतून काहीसे वाचवते, तथापि विक्रीवर मनाई आणि नफ्याचा हिशेब यांतून सुटका नाही. बांधणी झालेले गठ्ठे गोदामात पडून राहणे ही प्रकाशकाला दंडापेक्षा मोठी शिक्षा असते. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ मध्ये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे, हेही लक्षात असावे.

वेबवरच्या प्रतिमांचा मोह का होतो, याचे तांत्रिक कारण आहे. नाणे पुस्तकात फार तर चार-पाच सेंटिमीटर छापले जाते, आणि तीनशे डीपीआयच्या (इंचाला तीनशे ठिपके) छपाईला हजार पिक्सेल रुंदीची प्रतिमा साडेआठ सेंटिमीटरपर्यंत पुरते. लिलावाच्या सूचीतली प्रतिमा म्हणूनच गुणवत्तेच्या दृष्टीने सहज चालून जाते. किल्ल्याच्या किंवा मंदिराच्या छायाचित्राच्या बाबतीत हा मोह छपाईच्या टेबलावरच मोडतो, कारण तेथे पूर्ण पानाला दर्जा पुरत नाही.

‘पुस्तक शैक्षणिक आहे, चालते’ हा दुसरा समज. कलम ५२ मधील रास्त वापराची मुभा खाजगी अभ्यास व संशोधन, टीका किंवा समीक्षा, वृत्तांकन आणि अध्यापन अशा ठरावीक कारणांसाठी आहे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या अभ्याससंचांच्या झेरॉक्सविषयी दिलेला निकाल आम्हाला या काळात अनेकांनी ऐकवला. तो अध्यापनापुरता आहे. दुकानात किंमत लावून विकल्या जाणाऱ्या सचित्र पुस्तकाला त्याचे पांघरूण पुरणार नाही. एखाद्या छायाचित्रावर, त्यातील वाचनावर आपण प्रत्यक्ष टीका करत असू, तर गोष्ट वेगळी. पान सजवण्यासाठी प्रतिमा वापरली तर ती टीका होत नाही.

मग क्षत्रप नाण्यांचे काय केले? काही प्रतिमा मुक्त परवान्यांतून मिळाल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या मुक्त झालेल्या कलावस्तूंच्या प्रतिमा कोणत्याही अटीशिवाय वापरू दिल्या आहेत. ब्रिटिश म्युझियमच्या प्रतिमा संकेतस्थळावर उदारपणे दिसतात, पण त्यांचा सर्वसाधारण परवाना अव्यापारी वापरापुरता आहे, त्यामुळे विक्रीच्या पुस्तकासाठी त्यांच्या प्रतिमा-विभागाकडे वेगळी मागणी करावी लागते. क्लासिकल न्यूमिस्मॅटिक ग्रुप या लिलावसंस्थेने आपल्या कित्येक प्रतिमा विकिमीडिया कॉमन्सवर क्रिएटिव्ह कॉमन्स या अटींसह मोफत वापर देणाऱ्या परवान्याखाली खुल्या केल्या आहेत. तेथे श्रेय आणि परवान्याचे नाव द्यावे लागते, आणि प्रतिमेत फेरफार केल्यास बदललेली प्रतिमाही त्याच परवान्याखाली द्यावी लागते. आणखी एक जुना मार्ग म्हणजे छापील सूची. रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी केलेली सातवाहन व क्षत्रप नाण्यांची सूची १९०८ ची आहे आणि ते स्वतः १९३७ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यातील चित्रफलक भारतात मोकळे आहेत. त्या राखाडी फलकांना आजच्या रंगीत छायाचित्रांची झळाळी नाही, हे खरे. आम्हाला मात्र ते आवडले, आणि एका प्रकरणात ते मुद्दाम वापरले.

या सेवेचे सर्वांत मोठे बलस्थान रेखाटने हे आहे. रेखाटन केले की कॉपीराइटचा प्रश्न सुटतो, असा समज चित्रकारांतही आहे. दुसऱ्याचे छायाचित्र ट्रेसिंग पेपरखाली ठेवून किंवा संगणकावर त्यावरून रेघा ओढून केलेले चित्र हे त्या छायाचित्राचेच पुनरुत्पादन ठरू शकते, विशेषतः छायाप्रकाश जसाच्या तसा उतरला असेल तर. या स्टुडिओतील चित्रकार मुलगी नाणे स्वतः भिंगाखाली ठेवते, आम्ही काढून घेतलेले छायाचित्र शेजारी लावते आणि ठिपक्यांनी व रेघांनी उठाव बांधते. आहत, म्हणजे ठसे ठोकून चिन्हे उमटवलेल्या प्राचीन नाण्यांसाठी हे काम अनमोल आहे. त्या नाण्यांवर निरनिराळे ठसे एकमेकांवर चढलेले असतात. छायाचित्रात त्यांचा नुसता गोंधळ दिसतो, तर रेखाटनात सूर्य कोणता, सहा बाहूंचे चिन्ह कोणते आणि टेकडी कोठे अर्धी कापली गेली, हे वेगळे काढून दाखवता येते. एका नाण्यावर तिने अर्धवट ठशाची पुढची रेघ तुटक रेषेने पूर्ण केली आणि खाली ‘अनुमान’ असे पेन्सिलीने लिहिले. हे तिला कोणी सांगितले नव्हते. रेखाटनांचा कॉपीराइटही आम्ही वेगळ्या ओळीत लिहून घेतला, कारण कलम १७ मधील मोबदल्याची ती तरतूद छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन आणि चित्रपट यांची नावे घेते. नाण्याचे शाईतले रेखाटन त्यात बसते असे गृहीत धरून चालणार नाही. तेथे लेखी हस्तांतर हवेच.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांविषयी स्टुडिओचा सल्ला कच्चा होता. उपसंहारात आम्हाला नेहरूंचे १९६४ चे स्मारक नाणे घ्यायचे होते. ‘सरकारी आहे, चालेल’ एवढेच उत्तर मिळाले. सरकारी कलाकृतीलाही कॉपीराइट असतो आणि तो कलम २८ प्रमाणे प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्या हिशेबाने १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकृतीची मुदत २०२४ अखेर संपली, म्हणून हे नाणे चालते. दहा-वीस वर्षांपूर्वीच्या स्मारक नाण्यांना हाच नियम लावता येणार नाही. मुखपृष्ठावर अशोकस्तंभ मोठा करून घेण्याची कल्पनाही आम्ही सोडली, कारण राजचिन्हाच्या गैरवापराविषयीचा २००५ चा कायदा कॉपीराइटहून वेगळा आहे.

सेवेच्या इतर बाबींविषयी थोडक्यात. ठरलेल्या तारखेला काम मिळत नाही, हे गृहीत धरूनच छापखान्याला वेळ द्यावा. नाणी रात्रभर ठेवून घेत नाहीत, हे चांगले आहे. मालकासमोर काढून मालकासमोरच परत देतात, आणि पावतीवर प्रत्येक नाण्याचे वजन लिहितात. रंगांचे छपाईसाठीचे रूपांतर त्यांच्याकडून करून घेऊ नये, तांबे तपकिरी चॉकलेटसारखे दिसू लागते. ते आपल्या छापखान्याला नमुना प्रत पाहून करू द्यावे. जिना अरुंद आहे आणि वयस्कर संग्राहकांना तो जड जातो, पण आधी कळवले तर साहित्य घेऊन घरी येतात, त्याचे वेगळे पैसे लागतात.

बिलावर नाणेनिहाय क्रमांक, छायाचित्रकाराचे नाव आणि हक्क कोणाकडे आहेत याची ओळ असावी, हा आग्रह आता ते स्वतःहून पाळतात. सुधारलेल्या मसुद्याची प्रत मागितल्यास काम देण्याआधी वाचायला मिळते. मूळ रॉ फाइल्स (कॅमेऱ्यातून आलेल्या, प्रक्रिया न केलेल्या) मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत आणि काम संपल्यावर काही महिन्यांनी पुसून टाकतात. ही अट अजूनही कोटेशनच्या दुसऱ्या पानावर, त्याच बारीक टाइपात आहे, तेव्हा पेन ड्राइव्ह बरोबर घेऊन जावे.